सुकतीची वेळ

"दमले तर हाय. मग?"

मुरुडच्या आमच्या दवाखान्यातल्या आयामावशींचं हे ठरलेलं उत्तर. स्ट्रेचर वरच्या मजल्यावर चढवून आल्या, लगेच फरशी पुसायला घेतली, आणि कुणी विचारलं, "मावशी, दमलात?" की कमरेवर हात ठेवून हेच. मी औषधांच्या खिडकीत बसून दिवसातून दहा वेळा दमायचो आणि अकरा वेळा ते बोलून दाखवायचो.

या मावशी पंचेचाळिशीत किनाऱ्यावर पळायच्या. साडीखाली लेकीची ट्रॅक पँट, पाय अनवाणी. लोक आधी हसले, मग कंटाळले, तुम्ही-आम्ही कंटाळतो तसेच. पळायची वेळ मात्र रोज वेगळी. आज साडेसहा, उद्या सव्वासात. सुकतीला पाणी ओसरलं की ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर पाय चांगला पडतो. ती वेळ सांगायचे त्यांचे यजमान. एके काळी होडीवर तांडेल होते, सुकाणू त्यांच्या हाती. कमरेला मार लागल्यापासून चार वर्षं खाटेवर. तिथी मोजून पडल्या पडल्या ओरडायचे, "सव्वासातला सुकती हाय. जा, नीघ!" मावशी त्यांची कूस बदलून द्यायच्या, पेज भरवायच्या आणि निघायच्या.

का पळता, म्हणून मी एकदा विचारलं.

"त्यांना उचलायला दम लागतो, भाऊ. अन् त्या तासात मला कोन हाक मारत न्हाय."

अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, घट्ट वाळू फारशी उघडी पडत नाही. तेव्हा यजमानांचा हुकूम असे, "भांगाला सुट्टी."

मग मावशींनी बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. डांबरी रस्ता, आणि मागे पडणाऱ्यांना उचलायला पाठीमागून एक बस. त्या बसमध्ये बसायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं. तिसाव्या किलोमीटरला बसल्या.

"अष्टमी होती ना, भाऊ. अंगाला वाटलं, सुट्टी हाय."

मी इतका हसलो की हातातल्या गोळ्या सांडल्या. त्याही हसल्या. पण डोळे सुजलेले होते, ते मी पाहिलं.

त्यानंतर वर्षभर त्या भांगालासुद्धा पळाल्या. खाटेवरून हुकूम बदलला होता: "मऊ वाळूत जा! अंगाची सवय मोड!" एकदा मी बंधाऱ्यावरून बघत होतो. घोट्यापर्यंत पाय रुतत होते, चेहरा राखेसारखा. थांबल्या, थुंकल्या, समुद्राला एक कचकचीत शिवी दिली आणि परत सुरू. आगरदांड्याच्या रस्त्यावर फेऱ्या मारत एका दमात पस्तीस किलोमीटर झाले, तेव्हा या खेपेला बस रिकामी जाणार अशी माझी खात्री पटली.

शर्यतीला वीस दिवस उरले असताना यजमान गेले.

दिवसकार्य आटोपून मावशी कामावर आल्या. पळायला जात नव्हत्या. माझ्या खिडकीशी कापूस न्यायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "मावशी, रविवारी शर्यत आहे. सुकतीची वेळ हल्ली मोबाइलवर दिसते. मी रोज काढून देतो."

"मोबाइल येळ सांगतो, भाऊ. जा म्हनत न्हाय."

रविवारी त्या गेल्या नाहीत. पुढे नोकरीही सोडली. आता तळा गावी लेकीकडे असतात. तिथे समुद्र नाही. भेटायला जाईन म्हणतो, पण एसटीत बसायचाच कंटाळा येतो आणि खरं सांगायचं तर लाजही वाटते.

कारण त्या दिवशी एवढं बोलून त्या गेल्या नव्हत्या. कापसाचा गठ्ठा छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. त्यांना एकच अक्षर हवं होतं. ते मला घरी पोचल्यावर सुचलं. खिडकीत मी म्हणालो, "चहा मागवू का, मावशी?"