माहूरच्या पत्रावळी लातूरच्या पंगतीत

माहूरहून पहाटेची एसटी धरली. पत्रावळींचा गठ्ठा कमळाबाईंच्या मांडीवर आणि त्याभोवतीच्या ओल्या गोणपाटाचं पाणी माझ्या पायजम्यावर.

"जरा तिकडं धरा की," मी वैतागलो.

"वाळल्या तर तडकतील, गुरुजी."

कमळाबाई आमच्या शेजारी. देवीच्या यात्रेकरूंना पळसाच्या पत्रावळी विकून त्यांचं आणि गल्लीतल्या चौघींचं घर चालायचं. दुष्काळात यात्रेकरूच आटले. तिकडे लातूर नवा जिल्हा झालेला; कचेऱ्या आल्या, खानावळी भरल्या, पण ताटं धुवायला पाणी नाही. तिथले खानावळवाले महालिंगप्पा माझ्या ओळखीचे. त्यांनी माल घेतला नाही, तर या बायकांना खडी फोडायला जावं लागणार होतं.

नांदेडला गाडी बदलली. अहमदपूरला भजी खाल्ली. तिखट लागलं म्हणून पाणी मागितलं, तर हॉटेलवाला म्हणाला, "चहा घ्या, साहेब. पाणी न्हाई."

लातुरात महालिंगप्पांनी पत्रावळ उलटसुलट पाहिली. "आधी अय्या जेवतील. मग बघू."

अय्या म्हणजे लिंगायतांचे जंगम गुरू. जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी प्यायची त्यांची रीत. अन्नाचा कण वाया जाऊ द्यायचा नाही. कमळाबाईंना हे कुठून ठाऊक असणार? जेवण होताच अय्यांनी पत्रावळीवर तांब्यातलं पाणी ओतलं, तसा बाईंचा चेहरा उतरला. अय्यांनी बोट फिरवलं, कडा दुमडून पत्रावळ उचलली आणि पाणी पिऊन टाकलं. खालची फरशी कोरडी होती.

"दर सोमवारी टेंपो भरून पाठवा," महालिंगप्पा खूश होऊन म्हणाले.

"लई होतंय, मालक. अर्धा टेंपो देईन."

मी कपाळावर हात मारला. "अहो बाई, लक्ष्मी आली टिळा लावायला आणि तुम्ही निघालात कपाळ धुवायला!"

"यंदा पाऊस न्हाई, गुरुजी. शेंड्याची पानं ठेवावीच लागतात. पळस बोडका केला, तर पुढल्या साली काय शिवावं?"

महालिंगप्पांनी मान डोलावली. "बरं, अर्धा. पण खंड नको."

"हाव," बाईंनी होकार भरला.

परतताना मी बाईंशी धड बोललो नाही. लोहा गावाच्या अलीकडे रस्त्याकडेची झाडं चाऱ्यासाठी पार छाटलेली दिसली. नुसते बुंधे, आणि त्यांच्याजवळ उपाशी शेळ्या. माझा राग तिथेच उतरला. धंदा वाढायलाच हवा, पण तो ज्या झाडावर चालतो ते झाडही जगायला हवं.

माहूरला चौघी स्टँडवरच वाट पाहत होत्या. कमळाबाईंनी गोणपाट झटकलं.

"काम मिळालं. अन् शेंड्याच्या पानाला हात लावाल, तर गाठ माझ्याशी हाय."