दूरचा ग्रह आणि शंभर बोंडं

दुसरबीडच्या रहेमतुल्लाभाईंना प्रश्न विचारायची खोड होती. धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करण्याचा, शिवाय गावालगत चार एकर कपाशी. मोटार उघडली की बिघाड दिसतो, तसा माणसांचाही दिसावा, असा त्यांचा भाबडा समज. सभेत ते पुढे बसले की व्यासपीठावरच्या साहेबांना तहान लागायची.

२०१७च्या हिवाळ्यात कपाशीची बोंडं आतून किडली. बीटी बियाणं आलं, आता बोंडअळीची कटकट मिटली, असं गावानं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. अळीनं ते ऐकलं नसावं. मग तातडीनं, म्हणजे निम्मी वेचणी आटोपल्यावर, शाळेच्या पटांगणात मार्गदर्शन मेळावा ठरला. शेतकरी आले, मार्गदर्शक आलेच नाहीत. त्याच दिवशी शाळेतल्या मुलांना आकाशाची माहिती द्यायला एक प्राध्यापक आले होते. मेळाव्याचा फोटो तर वर पाठवायचाच होता. मेळावा भरवणाऱ्या तालुक्याच्या साहेबांनी त्यांनाच माईकसमोर उभं केलं.

प्राध्यापक भला माणूस. त्यांनी दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सांगितला. आपल्या गुरूहून मोठा, सगळा वायूचा. पाय टेकायला जमीन नाही. ताऱ्याच्या इतका जवळ की चार दिवसांत त्याचं वर्ष संपतं.

“जमीन नाही तं सातबाराची भानगडबी नाही,” शेजारचे वामनराव पुटपुटले. “सुखी गाव हाय.”

रहेमतुल्लाभाई उठले. “सर, तुमी पाह्यला काय तो ग्रह?”

“नाही. तो दिसत नाही.”

“मंग हाय हे कसं समजलं?”

प्राध्यापक खुलले. ग्रह ताऱ्यासमोरून सरकला, की ताऱ्याचा उजेड शंभरात एक भाग कमी होतो. चार दिवसांनी पुन्हा तेवढाच. माणसं तो उजेड मोजत बसतात, शंका आली तर परत मोजतात.

रहेमतुल्लाभाई पुढचा प्रश्न न विचारताच खाली बसले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. लोकांना वाटलं, तब्येत बिघडली. टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि शेतकऱ्यांना बोंडअळीविषयी सखोल मार्गदर्शन मिळाल्याची नोंद झाली.

घरी त्यांनी बायकोला, यास्मीनला, सगळं सांगितलं. “इतक्या दूरचं शंभरात एक कमी झालं, ते त्याह्यले समजते. आपलं अर्धं गेलं, ते कोणाले दिसून नाही राह्यलं.”

“काऊन दिसन?” यास्मीन म्हणाली. “शेतात कोणी उतरते काय?”

आठव्या दिवशी तलाठी दीपकराव पंचनाम्याला आले. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्यांनी बांधावरूनच शेत न्याहाळलं. झाडं हिरवीगार होती. “वीस टक्के नुकसान लिहितो,” ते म्हणाले.

“कसं समजलं?”

“दिसतंय ना.”

“वरून नाही दिसत, साहेब. खाली उतरा. शंभर बोंडं फोडू. झाडं तुमीच दाखवा, माह्या मनानं एक नाही तोडत.”

तलाठ्यांनी घड्याळ पाहिलं. तोवर दहा-बारा माणसं जमली होती. वामनरावांनी अदबीनं त्यांच्या मोटारसायकलची किल्ली सांभाळायला घेतली. दीपकराव उतरले.

पहिल्या बोंडात अळी निघाली. दुसरं चांगलं होतं. वामनरावांनी ते पायाखाली सरकवलं, तर रहेमतुल्लाभाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी निमूट उचलून चांगल्यांत ठेवलं. चाळिसाव्या बोंडाशी तलाठी स्वतःच फोडू लागले. शेवटी किडकी भरली त्रेसष्ट. दीपकरावांनी वीस खोडून त्रेसष्ट लिहिलं. एक अळी त्यांच्या बाहीवर चढत होती, पंच म्हणून असावी.

आपलं वाटोळं झालं हे कागदावर आलं, याचा रहेमतुल्लाभाईंना आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. घरी जाऊन ते जेवले नाहीत.

पुढे आठवडाभर साऱ्या शिवारात अशीच शंभर-शंभर बोंडं फोडून पंचनामे झाले. सरकारी मदतीची वाट पाहण्यात उन्हाळा गेला, आणि ती आली तेव्हा रहेमतुल्लाभाई कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून, तूर पेरून मोकळे झाले होते. त्याच सुमारास तालुक्याच्या साहेबांचा लेखी आदेश निघाला, की पंचनामा करताना बोंडं फोडून पाहावीत. या अभिनव कल्पनेबद्दल मेहकरात साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वामनराव टाळ्या वाजवायला गेले होते. जेवण चांगलं होतं, म्हणाले.