अर्ध्या अंशाचे काका

आमच्या इमारतीच्या मालकांना पाठीमागे सगळे ‘अर्धा अंश’ म्हणत, तोंडावर काका. चार मजल्यांवर भाडेकरू आणि तळमजल्यावर काका एकटेच. बायको गेल्यापासून त्यांचा संसार त्या इमारतीशीच. ‘तेवीस कशाला, साडेतेवीस चालेल की’ असं घासाघीस केल्यासारखं तापमानाशी बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

खोल्याखोल्यांतले जुने खडखडे एसी आणि हिटर काढायचे ठरले, तेव्हा फिटर म्हणाला, प्रत्येक खोलीला वेगळं यंत्र बसवा, भांडणं मिटतील. काकांना ते मानवेना. ज्याच्या हातात बटण त्याच्या हातात घर, असं त्यांचं मत. म्हणून सगळ्या इमारतीला एकच यंत्र आलं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम. निदान सेन्सर तरी वरच्या मजल्यावर लावा, छप्पर तापतं, असं फिटर विनवत राहिला. काकांनी तो आपल्या दाराशेजारी लावून घेतला. चोवीसच्या वर गेलं की यंत्र सुरू. कुणाच्या चोवीसच्या? काकांच्या.

आम्हीही काही साधुसंत नव्हतो. तिसऱ्या मजल्यावरचा कारकून काकांशी गप्पा मारायला थांबायचा, ते वाफाळता चहाचा कप सेन्सरखाली धरून. एवढी आपुलकी कशी, हे काकांना महिन्याभराने कळलं. मग सेन्सरवर भोकाभोकांची पत्र्याची पेटी आली, पेटीला कुलूप आलं आणि जिन्यात पाटी लागली: ‘खिडकी उघडी दिसली, तर खोली रिकामी करावी लागेल.’

चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. गुडघे गेलेले, त्यामुळे आठवड्यातून एकदाच खाली उतरायच्या. काकांच्या सदऱ्याची बटणं जरा जास्तच तुटायची, हे आमच्या जिन्यातलं जुनं संशोधन. बाईंची औषधं काकाच आणून देत. उन्हाचा त्रास जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी काकांसमोरच सांगितलं होतं. बाईंच्या परगावच्या लेकीला काकांनी शब्द दिला होता, मी आहे ना.

त्या उन्हाळ्यात भट्टी पेटली. यंत्रावर फार ताण नको, म्हणून काकांनी आपल्या दारावर ओली चादर टांगली. तासातासाला तिच्यावर पाणी शिंपडायचे. चादरीचा गारवा पेटीच्या भोकांतून आत शिरे आणि सेन्सर साडेतेवीस दाखवी. यंत्र गप्प. काका खूश. येईल जाईल त्याला थांबवून सांगत, बघा, एवढ्या उन्हातही यंत्राला चालावं लागत नाही, बांधकाम कसं आहे! आम्ही दिवसभर कामावर, संध्याकाळी घामाघूम झालो की शिव्या देऊन गच्चीवर पळायचो. बाईंना गच्चीचा जिनाही चढवत नव्हता.

चादर टांगल्याच्या दुसऱ्या दुपारी बाईंनी वरून फोन केला. हवा येत नाही, म्हणाल्या. काकांनी पेटीत डोकावून पाहिलं.

“साडेतेवीस आहे, बाई. तुम्हाला वयामुळे वाटतंय.”

“खिडकी उघडू का थोडी?”

“नको नको, आलेला गारवा निघून जाईल.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारभर शिलाई मशीनचा आवाज आला नाही. संध्याकाळी दार फोडलं. खिडकीच्या दोन्ही कड्या लावलेल्या, बाई मशीनवर डोकं टेकून. उष्माघात, डॉक्टर म्हणाले.

यंत्रात काय बिघडलं ते बघायला काकांनीच फिटरला बोलावलं. बिघडलं काहीच नव्हतं. त्याने काकांच्या दारावरची चादर मुठीत धरली, पिळली, पाणी टपटपलं. काका भिंतीला टेकून खाली बसले. फिटर मनाने चांगला. हळूच म्हणाला, सर्किट जळलं होतं असं मी सांगतो, तुम्ही गप्प बसा.

लेक सामान न्यायला आली, तेव्हा काका चौथ्या मजल्यावर चढून गेले. फिटरने सांगितलेलं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, असं कारकून शपथेवर सांगतो. तो पेट्या बांधायला तिथेच होता. लेक अर्धवट शिवलेले कपडे घडी करत होती.

“मला एकच कळत नाही, काका. आईने खिडकी का नाही उघडली?”



“विचारलं होतं तिने. मी नको म्हणालो.”

लेकीने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली.

“मग ती उघडणारच नव्हती,” ती म्हणाली आणि पुढचा कपडा उचलला.