मेनबाईंचं जहाज

मेनबाईंचं खरं नाव ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती. सगळी नोकरी त्यांनी एकाच ऑफिसात शिपाई म्हणून काढली. संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडायचं काम त्यांचं. पंखे बंद, दिवे बंद, नळ घट्ट, आणि जाता जाता जिन्याखालचा मेन स्विच खाली. एखादा साहेब फाइलीत डोकं घालून बसलेला असला तर बाई दारातूनच विचारायच्या, "साहेब, अंधारात वाचता येतं का तुम्हाला?" साहेब मुकाट्याने उठायचे. त्यावरून हे नाव पडलं. बाईंना ते आवडायचं, बरं का.

निवृत्त झाल्यावर मात्र पंचाईत झाली. दोन खोल्यांत एकटी बाई, बंद करून करून किती दिवे बंद करणार? लग्न त्यांचं झालं नव्हतं. आईवडील लवकर गेले, धाकटा भाऊ शाळेत होता, त्याला वाढवता वाढवता लग्नाचं वय निघून गेलं. लोक हे असं सांगतात जणू बाईंची बस चुकली. अहो, चुकली कुठली? बाई थांब्यावर उभ्या होत्या, भाऊ तापाने फणफणला म्हणून घरी परत आल्या. परीक्षेचंही तेच. भाऊ पडला, हात मोडला असा निरोप आला आणि बाई अर्ध्या पेपरातून उठल्या. जेवणाचं तर विचारूच नका. पहिला घास हातात घेतला की भावाला काहीतरी हवं व्हायचं. बाईंनी स्वतःसाठी सुरू केलेलं एकही काम तडीला गेलं नाही. दुसऱ्यांची सगळी गेली.

भाऊ वाईट नव्हता हो. लग्नाच्या फोटोंचे अल्बम करायचा, हाताला कसब होतं, बहिणीवर जीवही होता. फक्त बोलावलं की ताई उठते, यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नाही. नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना त्याने बाईंकडे आणून ठेवला. "ठेव तुलाच, ताई. माझ्या काय कामाचा आता?" मग त्याच्या मुलीने, म्हणजे बाईंच्या भाचीने, त्यावर एक खेळ चढवून दिला.

"अवकाशात एकटीने जहाज चालवायचं, आत्या. फार हळू आहे हं. तासन्‌तास काही घडतच नाही."

"मग चालेल," बाई म्हणाल्या. "घडलेलं पुष्कळ बघून झालंय."

"आणि जीव किती ठेवू? एकच ठेवला तर मेलीस की सगळा प्रवास पुसला जातो. पुन्हा पहिल्यापासून."

"एकच ठेव. जास्तीचे घेऊन काय करायचंय?"

खेळ खरंच बाईंच्या मापाचा निघाला. हवा जपायची, पाणी जपायचं, बर्फाचे दगड गोळा करून त्यांचं इंधन करायचं, पेटीतल्या चार रोपांना उजेड द्यायचा. हे तर त्या जन्मभर करत आल्या होत्या. प्रवास राखायचा तर जहाजातल्या बिछान्यावर जाऊन आडवं व्हायचं, तरच तो नोंदला जातो. मध्येच कॉम्प्युटर बंद केला तर ते मेल्यातच जमा. बाकीचे खेळणारे म्हणे लांब, आणखी लांब जात राहतात. बाई सगळ्यात शेवटच्या गोठलेल्या ग्रहापर्यंत गेल्या, नीट बघितलं, आणि जहाजाचं तोंड फिरवलं.

"परत येण्याचं काही बक्षीस नसतं, आत्या," भाची म्हणाली.

"बक्षिसाला कोण बसलंय! गेलेल्या माणसाने परत घरी यायला नको?"

कित्येक महिने त्या परत येत होत्या. ही एक गोष्ट मी शेवटाला नेणार, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. हसण्यासारखंच आहे म्हणा. पण ठरवलं होतं.

आता शेवटचा टप्पा उरला होता, आणि नेमका त्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. नवा कॉम्प्युटर बंद पडला होता, कामं तुंबली होती. "जुना न्यायला येतो, ताई. संध्याकाळी. सगळा पुसून माझी कामं चढवतो त्याच्यावर."

"ये," बाई म्हणाल्या. सवयच ती. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो, आणि त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. मग रडत बसल्या नाहीत. मध्ये उठावं लागू नये म्हणून दार नुसतं लोटून ठेवलं, खिडकीचा पडदा ओढला आणि खुर्ची पुढे घेतली. इंधनाला थोडा बर्फ मिळाला की संध्याकाळच्या आत घर गाठता आलं असतं.

एका मोठ्या ग्रहाच्या सावलीत बर्फाचे दगड तरंगत होते. बाईंनी जहाज थांबवलं, पोशाख चढवला, आणि बाहेर पडण्याआधी जहाजातला लाल दांडा खाली ओढला. सगळं बंद. दरवेळी ओढायच्या. घराबाहेर पडताना चालू ठेवून जाणारी बाई नव्हेच ती! आजवर उन्हात काम व्हायचं, जहाज लख्ख दिसायचं, म्हणून खपून गेलं. जहाजाची दिशा दाखवणारा बाणही त्या दांड्याबरोबर विझतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. पोतंभर बर्फ घेऊन त्या वळल्या. मागे काळोख. जहाज नाही, दिवा नाही, बाण नाही. पायाखालची जमीन सरकली म्हणावं तर तिथे जमीनच नव्हती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे खोडीपायीच मरायची वेळ आली.

आणि तेवढ्यात दार ढकलून भाऊ आत आला.

"ताई, टेम्पो आत्ताच रिकामा मिळाला, म्हटलं संध्याकाळपर्यंत कशाला थांबा. चल, ऊठ." बोलता बोलता तो टेबलामागे वाकला आणि वायरीकडे हात नेला.

"हात लावलास तर याद राख!"

हा आवाज ऑफिसात साहेब लोकांनी ऐकला होता. भावाने कधीच नाही. तो तसाच वाकलेला राहिला.

"अगं, खेळ आहे ना हा? खोटं जहाज ते."

"असू दे खोटं. माझं आहे. गप बस तिथे."

भाऊ पलंगाच्या कडेला टेकला. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. पोशाखातल्या हवेचा काटा खाली येत होता, आणि वाटेल त्या दिशेला सुसाट सुटावं असं बाईंच्या बोटांना वाटत होतं. पण मेन पाडल्यावर अंधारात जिन्यापासून फाटकापर्यंत त्या वर्षानुवर्षं चालल्या होत्या. अंधारात धावत नाहीत. उभं राहायचं आणि डोळ्यांना वेळ द्यायचा. बाई थांबल्या आणि जागच्या जागी हळूहळू फिरू लागल्या.

"काय शोधतेयस?"

"तारे कुठे नाहीत ते."

एके ठिकाणी तारे नव्हते. बाई तिकडे सरकल्या, तर तो दगड निघाला. हवा आणखी उतरली. भाऊ आता पलंगावरून उठून खुर्चीमागे आला होता. पुन्हा फिरणं. मग खाली एका जागी तारे कापल्यासारखे संपत होते, सरळ रेघेत.

"दगडाला सरळ कड नसते," बाई पुटपुटल्या.

तेच जहाज होतं. पण वीज बंद म्हणजे दारही बंद! बाहेरच्या चाकाने ते हाताने फिरवून उघडायचं, त्यासाठी एक बटण दाबून धरायचं, आणि बोट उचललं की चाक पुन्हा जागेवर. काटा लाल झाला. पडद्याच्या कडा काळ्या पडू लागल्या.

"दाब ताई, दाब! सोडू नकोस!" भाऊ ओरडला.

"दाबतेच आहे, मेल्या! कानात ओरडू नकोस!"

दार उघडलं. बाई आत शिरल्या, चाचपडत लाल दांडा वर केला, आणि जहाजातले दिवे एकेक करून लागले. हवा सुरू झाल्याचा आवाज आला. बाई बिछान्यावर जाऊन आडव्या झाल्या, प्रवास नोंदला गेला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. भावाने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती, ती त्याने आता सोडली.

"वाचलीस बाई," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "चला, झालं ना आता? काढू का वायर?"

"नाही झालं. घर अजून लांब आहे. आता घाई करणार नाही मी. संध्याकाळ उलटेल, कदाचित उद्याही जाईल."

"ताई, माझं काम अडलंय गं."

"माझंही."

भाऊ हसणार होता, पण बाई हसत नव्हत्या. त्या पोत्यातला बर्फ इंधनाच्या टाकीत टाकत होत्या, एकेक तुकडा, घाई न करता.

"हा कॉम्प्युटर तू मला दिलास," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मी घरी पोचले की तुला फोन करीन. मग घेऊन जा, पुसून टाक, काय हवं ते कर. पण मध्यातून मी उठणार नाही. यावेळी नाही."

बहीण उठली नाही, तेव्हा काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"आणि मी काय करू तोवर?"

"वाट बघ," बाई म्हणाल्या. "मी आयुष्यभर बघितली."

खाली टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. भाऊ गॅलरीत गेला, कठड्यावरून वाकला आणि ओरडला, "जा रे बाबा तू! आज काही न्यायचं नाहीये."