पांढऱ्या लुगड्यातला फोटो

साल एकोणीसशे एकसष्ट, मी एकोणतीस वर्षांचा. हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती तर माझ्या पोटातलं न सांगता ओळखायची. तुम्हाला सांगतो. का सांगतो ते विचारू नका.

शाळा माझी चौथीपर्यंत. पण अकोल्यात माझ्यासारखा फोटो काढणारा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणतो. नागपूरच्या एका साप्ताहिकाला अमरावतीच्या दवाखान्याचे फोटो पाहिजे होते — क्षयाचा वॉर्ड, नवी औषधं, डॉक्टर, नर्सबाई. त्यांनी मला बोलावलं. मला! मी नवा पायजमा शिवून गेलो.

तिथं पंचफुलाबाई भेटली. वलगावची, माझ्याच वयाची असेल, पण सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणायचा. औषध लागू पडलं होतं, बाई उठून बसत होती, शेजारणींच्या वेण्या घालत होती. आणि मला काय पाहिजे होतं? आजारी बाई. साप्ताहिकाला तेच पाहिजे असणार, असं मीच ठरवलं. मी तिला निजवलं, घाम दिसावा म्हणून कपाळावर पाणी शिंपडलं, थुंकीचं भांडं उशाशी ठेवलं. तिनं सगळं ऐकलं. फक्त एक अट घातली. तिची सात-आठ वर्षांची पोरगी, सुमी. लेकरांना वॉर्डात येऊ देत नसत. "माह्या पोरीसाठी एक चांगला काढून देजो. पांढऱ्या लुगड्यात, बसलेला. आन् हा भांड्यावाला तिले कदी दाखवू नोको."

मी हो म्हणालो. मग डॉक्टरांना तिच्याजवळ उभं केलं. मोठे डॉक्टर, माझं पहिलंच मोठं काम — माझा हात जरा हलला. ती निजल्या निजल्या म्हणते, "पाहा बाप्पा, आजारी मी हावो आन् कापरं याले भरलं! डॉक्टरसाहेब, एक सुई यालेबी टोचा."

वॉर्ड हसला. डॉक्टर हसले. आज आठवलं की मलाही हसू येतं — किती गोड बोलली होती! तेव्हा नाही आलं.

दुपारी ती तयार झाली. लुगडं धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला नेसलेलं, घडी मोडून पुन्हा नेसलेलं. नर्सबाईची पावडर लावली होती, ती कानाजवळ तशीच राहिली होती. पांढरी भिंत मागे नको म्हणून मी तिला कडुलिंबाखाली बसवलं. हनुवटी वर घ्यायला सांगितली. पदर नीट केला. सगळं केलं बरं का — सगळं.

आमच्या धंद्यात तेव्हा एक रीत होती. लग्नात, जत्रेत लोक मागे लागायचे, आमचाबी काढा. मग भिंगावरचं झाकण न काढताच खटका दाबायचा. भिंग काळं, झाकण काळं, समोरच्याला काय कळतं? आवाज ऐकून माणूस खूश.

फिल्म शिल्लक होती. हे नीट ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल बिचाऱ्याची फिल्म संपली असेल. होती. मी झाकण काढलं नाही. माझ्यावर हसते काय — एवढंच होतं मनात. ती झाडाखाली हसत होती, दात थोडे पुढे, डोळे मला पार ओळखीचे असल्यासारखे — आणि मी खटका दाबला.

मनात होतं, पुढच्या खेपेला काढून देऊ. बरी तर होतेय. पण थंडीत तिचं दुखणं पुन्हा उलटलं, आणि ती गेली. मला कळलं ते तिचा नवरा सुमीला घेऊन माझ्या दुकानात आला तेव्हा. दोन मोटारी बदलून आला होता. "भाऊ, तिनं सांगतलं होतं, फोटो तुमच्यापाशी हाये."

मी काय म्हणालो? म्हणालो, फिल्ममध्ये उजेड घुसला, फोटो जळला.

साप्ताहिकातलं ते पान मी काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं. अभिमानानं! पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. "बा, हे कोन होय?" बापानं वर पाहिलं. ओळखलं त्यानं — त्याचा चेहराच सांगत होता. म्हणाला, "असीन कोनी आजारी बाई." कोणी न सांगता त्या माणसानं बायकोची अट पाळली. आणि उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला, "जाऊ द्या भाऊ, तुमी काय जानून केलं काय?"

दारातून सुमी मागे फिरली. मला विचारलं, "मंग त्या फोटोत माय हासली होती काय?"

हो, म्हणालो. खूप हसली होती.

खोटं नव्हतं ते. पण तो चेहरा पाहिलेला मी एकटा, आणि तो जिला द्यायचा ती माझ्यासमोर उभी. माझ्याजवळ काय होतं द्यायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी पहिली मोटार धरून अमरावतीला गेलो. स्टँडवर अचलपूरच्या गाडीत बसलो. सुमीच्या बापासमोर उभं राहून सांगायचं होतं — फोटो जळला नाही, मी काढलाच नाही. मनात तेवढंच घोकत होतो. वलगाव आलं. कंडक्टर ओरडला, माणसं उतरली, एक म्हातारी तिचं गाठोडं मला खाली द्यायला सांगत होती, ते मी खिडकीतून दिलं. गाडी निघाली. मी जागेवरच होतो. कंडक्टरनं विचारलं, तिकीट तर वलगावचं होतं ना? मी अचलपूरपर्यंतचं वाढवून घेतलं.