आजऱ्याच्या वाटेवरचा जळका वास

उचगावात सयाजी चौगुलेचं गॅरेज शोधायला पत्ता लागत नाही, त्याचा आवाज पुरतो. माणूस मनानं निर्मळ, पण हात लवकर उठायचा. बोल्ट वाकडा पिळणाऱ्या गड्याच्या पाठीत सकाळी धपाटा घालायचा आणि दुपारी त्यालाच आपल्या डब्यातली भाकरी मोडून द्यायचा. गाडीचं दुखणं तो वासावरून ओळखतो, ही त्याची ख्याती पार कागलपर्यंत.

यंदा दिवाळीला त्याची लेक अनुजा माहेरी आली, ती परत जायचं नाव काढेना. "पोरीच्या दंडावर वळ हायत. तिला धाडू नगा," सयाजीची बायको बयाबाई त्याला म्हणाली.

"नवरा-बायकूत चालायचंच. गल्ली काय म्हणंल?"

जावई राजवीर न्यायला आला, तेव्हा लेकीला आजऱ्यापर्यंत पोचवायला सयाजी स्वतःच पाने-पकडींची पिशवी घेऊन गाडीत पुढं बसला.

राजवीर गाडी चालवत नव्हता, हाणत होता. एका म्हाताऱ्याची लुना त्यानं चरात घातली आणि आरशात बघून हसला. निपाणी मागं पडली, चढ लागला आणि वास आला.

"पावणं, काय तरी जळतंय."

"उसाचा पाला पेटवला असंल कुणी, मामा."

सयाजीनं नाक वर केलं. क्लचचा नव्हे, ब्रेकचाही नव्हे. "एसी बंद करा बघू." वास उतरला. "आता लावा." झोत आला तसा दोघांचाही घसा खवखवला. "बॉनेटातनं येतोय. गाडी कडंला घ्या."

"गाडी माझी हाय."

मागून अनुजा हळूच म्हणाली, "आबा म्हणत्यात तर थांबा की वो."

राजवीरनं मान न वळवता डावा हात मागं फेकला. अंगठीनं तिचा ओठ फाटला. न बघता मारूनही नेम चुकला नव्हता. त्या हाताला सवय होती.

अनुजा ओरडली नाही. नुसता पदर ओठाला लावून बसली. बयाबाईही अशीच बसली होती, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, सयाजीनं तिच्या तोंडात मारली त्या दिवशी. तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून धूर निघाला आणि राजवीरनं आपणच ब्रेक दाबला.

"एकदम उघडू नगा, वारं लागलं की पेटंल!" सयाजीनं इंजिन बंद करायला लावलं, बॉनेट बोटभर उचलून धरलं, धूर विरू दिला आणि मग सगळं वर केलं. सायलेन्सरच्या पाइपावर एक जांभळी पुरचुंडी धुमसत होती. त्यानं ती पकडीनं ओढून रस्त्यावर टाकली, टाचेनं चिरडली. आतून तंबाखू सांडली. उंदरानं वायरी खाऊ नयेत म्हणून बरेच जण बॉनेटात तंबाखू बांधतात. हिची दोरी सैल होऊन ती पाइपावर पडली होती. शेजारच्या वायरीचं कातडं वितळलं होतं.

"कुणी बांधली ही?" राजवीर ओरडला.

"मी. मागं उंदरानं वायर खाल्ली तवा मला पट्ट्यानं मारलंसा. परत खाऊ नये म्हणून बांधली."

राजवीरनं तिचे केस धरले आणि तिचं कपाळ गाडीच्या काठावर आपटलं. दुसऱ्यांदा आपटणार तोच सयाजीचा पाना त्याच्या मनगटावर बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. राजवीरनं सासऱ्याच्या पोटात लाथ घातली. तोल सावरताना सयाजीचा तळवा तापल्या पाइपाला चिकटला. त्यानं तो सोलून काढला आणि पुन्हा पाना उचलला. एक खांद्यावर, एक गुडघ्यावर. जावई खडीवर पालथा पडला, तोंडातून रक्त आणि माती. सयाजीनं त्याला उताणा केला, छातीवर गुडघा रोवला आणि पाना त्याच्या डोक्यावर धरला.

"आबा, तेवढं नगो!" अनुजानं त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. कपाळाचं रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं. "तुम्ही तुरुंगात गेलासा तर मी कुणाकडं राहू?"

सयाजीचा हात बराच वेळ तसाच वर राहिला. मग त्यानं पाना बाजूला टाकला.

तो उठला, टेप काढली आणि भाजका हात छातीशी धरून, एका हातानं आणि दातांनी, वितळलेली वायर नीट गुंडाळली.

"गाडी जाईल आता. चालवायला आजऱ्यातनं कुणाला तर बोलवून घे. पोरगी येत न्हाय."

"पोलिसात देतो तुम्हाला!" राजवीर मनगट धरून कण्हत होता.

"ये की. आम्ही बी तिकडंच निघालोय."

बापलेक अर्धा मैल चालले, मग वाटेत माणसं भरत जाणारी एक वडाप जीप मिळाली. आत दहा माणसं दाटीनं बसलेली. एका बाईनं अनुजाच्या कपाळाकडं बघून विचारलं, "पावणं, अपघात झाला का काय वो?"

"न्हाय," सयाजी म्हणाला. त्याचा तो गॅरेजातला आवाज, टपावर बसलेल्यालाही ऐकू जावा असा. "हिला नवऱ्यानं मारलं, त्याला मी मारलं. मी उचगावचा सयाजी चौगुले. आम्हाला आधी दवाखान्यात सोडा, मग पोलीस ठाण्याचा रस्ता दावा."

बाई सरकली. अनुजा तिच्या शेजारी बसली.