गाडी तेल वाहते

आमच्या वस्तीवर पहिली मोटार आली, तेव्हा तिच्यात माणसं बसत होती दोन आणि घरात आम्ही होतो सात.

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्याभोवती एक चक्कर मारली, डिकी उघडून पाहिली (टोमॅटोचं एक कॅरेट कसंबसं मावलं असतं) आणि विचारलं, "दत्ता, बाकीची कुठं हाय?"

"एवढीच आहे, तात्या. स्पोर्ट्स कार आहे."

"मंजी सरांनी पुरी न्हाई दिली व्हय?"

सर म्हणजे मला नगरच्या कॉलेजात इंजिन शिकवणारे प्राध्यापक. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढलो तो सरांचा हात धरून, हे मी कुणालाही, न विचारताही सांगतो. निवृत्तीनंतर सर बंगळूरला मुलीकडे राहायला निघाले. तिथे फ्लॅटखाली गाडी लावायला जागा नव्हती. त्यांची ती जुनी, लाल, दोन दारांची जपानी गाडी त्यांनी माझ्या हाती दिली. "विकू नकोस, जप," म्हणाले. "नगरला आलो की एक चक्कर मारायला येईन."

मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. गाडीच्या पोटात तेल होतं आणि तेही बाहेर यायच्या तयारीत होतं, हे मला नंतर कळलं.

सोनईजवळची आमची वस्ती तीन बाजूंनी उसात बुडालेली. ऊस माणसाच्या वर गेला की घराला बाहेरचं जग उरत नाही. वारा नसतानाही आत कुणीतरी पानं बाजूला करत चालल्यासारखा आवाज येतो. त्या हिरव्या भिंतीपुढे ती लाल गाडी अगदी जमिनीला पोट लावून बसली. तिचे पुढचे दिवे झाकलेले असतात. बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे उघडावेत तसे वर येतात. वयोमानानुसार कधीकधी ते बटण न दाबताही येत. आणि दोन्ही एकदम नाही! आधी डावा. मग, तुमच्याकडे नीट पाहून झाल्यावर, उजवा.

आमचं कुत्रं, टिप्या, पहिल्याच संध्याकाळी ते पाहून जे उसात शिरलं, ते भाकरीच्या वेळेलासुद्धा अंगणाच्या कडेपर्यंतच येऊ लागलं.

शनिवारी सकाळी आईची हाक आली. हाक कसली, कुजबुजच ती. "दत्ता... भाईर ये. आवाज करू नगं."

गाडीचं नाक मी अंगणातल्या धुण्याच्या काळ्या दगडावर आणून लावलं होतं. त्या दगडावर तेल होतं. दगड काळाभोर चमकत होता आणि वरून एक थेंब, मग बऱ्याच वेळाने दुसरा, असा सावकाश पडत होता. भोवती एकही पाखरू ओरडत नव्हतं. शेजारच्या शेवंताकाकू पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

"शनवार हाय आज," काकू म्हणाल्या. "काळा दगूड. आन् आपोआप त्याल!"

शनीचं शिंगणापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तेल, शनिवार आणि काळा दगड या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्याकडे चौथी गोष्ट कुणी विचारत नाही. तरी मी विचारली. माझा चुलतभाऊ अर्जुन सोनईच्या स्टँडजवळ ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्याला फोन लावला आणि (ही माझी पहिली चूक) फोन स्पीकरवर टाकला.

"पुढनं का?" अर्जुन म्हणाला. "मंग काय न्हाई. जुन्या गाड्या वाहत्यातच त्याल."

आईने हात जोडले. "ऐकलं? वाहत्यात!"

मराठी भाषेचा मला अभिमान आहे; पण नळाचं पाणीही वाहतं आणि देवाला फूलही वाहतात, हा घोटाळा कुणीतरी वेळीच मिटवायला हवा होता. दुपारपर्यंत बॉनेटवर रुईच्या पानांची माळ आली, काळे उडीद आले. येणारे-जाणारे चपला काढून गाडीपुढे उभे राहू लागले. एकाने तिचं नंबरप्लेटसकट दर्शन घेतलं.

मी सगळ्यांना समजावलं. इंजिनच्या पुढच्या तोंडातून एक फिरणारा दांडा बाहेर येतो. तिथे एक रबरी कडं बसवलेलं असतं, त्याला ऑइल सील म्हणतात. दांडा फिरू द्यायचा आणि तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. वयाने ते कडक झालंय. नवीन बसवलं की गळती बंद.

"बंद?" आई म्हणाली. "देवाचं त्याल बंद करनार तू?"

"आई, मी इंजिनिअर आहे."

"म्हनूनच भ्या वाटतंय."

सील पुण्याहून मागवलं. अर्जुनला मदतीला घेऊन रेडिएटर काढला, पट्टे काढले, पुढची पुली काढली. जुनं सील इतकं कडक झालं होतं की नखाने वाजत होतं. नवीन सीलला तेल लावलं, बोअरच्या प्लॅस्टिक पाइपचा नेमक्या मापाचा तुकडा त्यावर धरला आणि हळूहळू ठोकत चारी बाजूंनी सारखं बसवलं. सगळं परत जोडलं. इतकं सुरेख काम माझ्या हातून आजवर झालेलं नव्हतं. सर असते तर पाठ थोपटली असती.

गाडी सुरू केली. खाली वाकून पाहिलं. थेंबसुद्धा नाही!

"बघा!" मी म्हणालो.

आणि गाडी रडली.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. "ऊंऽऽऽ" असा लांब, बारीक, घशात अडकलेला आवाज. बंद खोलीत एखादी बाई तोंडात पदर कोंबून रडते ना, तसा. तो उसावर आदळला आणि तीनही बाजूंनी परत आला. तात्यांच्या हातातली कपबशी वाजू लागली. मी घाईघाईने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

आवाज थांबला नाही.

बंद पडलेल्या गाडीतून तो येतच राहिला, बारीक बारीक होत गेला आणि शेवटी कुणीतरी हुंदका गिळावा तसा विझला. मग डावा दिवा वर आला.

अर्जुन स्टँडकडे निघाला होता. पाना-पक्कड तशीच टाकून!

"म्हनलं हुतं," आई म्हणाली. "वाहत हुती तवर गप हुती. तू सील फोडलंस, आतलं जागं झालं."

सील या शब्दाचंही तेच झालं. आमच्याकडे सील म्हणजे सरकारी कुलपावरची लाख. आत काहीतरी कोंडलेलं असल्याशिवाय सील कोण लावेल? संध्याकाळपर्यंत वस्तीत एकमत झालं की गाडीत बाई आहे.

मी मात्र शास्त्राला धरून होतो. गाडी चालवून बघितली पाहिजे, पट्टा ताणलेला असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला बाहेर काढली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वेग घेतला की ती गप्प, वेग कमी केला की "ऊंऽऽऽ". एका वळणावर मला स्पष्ट वाटलं की शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय. हळूच बघितलं. रुईची माळ होती. कुणी ठेवली, देव जाणे! मी घाबरून पहिल्या फाट्यावरून गाडी वळवली आणि घरी आणली.

दारात तात्या उभे होते. माझ्याकडे नाही, माझ्या मागे रस्त्याकडे बघत. मीही वळून पाहिलं. आमच्या दारापासून काळ्या तेलाची एक बारीक, न तुटलेली रेघ निघाली होती. गळती परत आली होती, आधीपेक्षा दुप्पट.

"कुटवर हाय ही?" तात्यांनी विचारलं.

"फाट्यापर्यंत."

"कोंच्या फाट्यापर्यंत?"

मी चाकावरची धूळ झटकू लागलो. तो फाटा शिंगणापूरचा होता.

मी पुन्हा सील बदललं. या वेळी एकट्याने, कारण अर्जुनने फोनवर सांगितलं की त्याला ताप आहे (फोनमागे त्याचा घण वाजत होता). काम संपलं तेव्हा दिवस कलला होता. ऊस काळा पडू लागला होता. मी किल्ली फिरवली. "ऊंऽऽऽ!" मी बॉनेटपुढे येऊन, डोळे मिटून दांडा, सील, तेलाचा दाब, असं शिकलेलं सगळं मनात म्हणू लागलो, त्याची रामरक्षा कधी झाली ते समजलं नाही. डोळे उघडले, तर दोन्ही दिवे वर. माझ्याकडेच बघत होते.

त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. "शनिवारी नगरला आहे. दुपारी तुझ्याकडे येतो. कशी आहे आपली लाडकी?"

"गातेय, सर," मी म्हणालो.

आईने फोन संपायची वाट पाहिली. "लई बरं झालं. शनवारी ते आलं की तेंच्या ताब्यात दे ही बया. न्हाई नेली, तर दुपारीच टेम्पो बोलवून भंगारात. तुझी बायकू-पोरं हायेत घरात, दत्ता."

ती ओरडली असती तर मी भांडलो असतो. पण तिचा आवाज कापत होता. ज्या माणसाने मला उभं केलं त्याने एकच वस्तू जपायला दिली होती, आणि ती मी त्याच्यासमोर भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवणार होतो!

शनिवारी सर आले तेव्हा अंगणात जत्रा होती. निम्मे लोक हात जोडून, निम्मे मोबाईल वर धरून. शेवंताकाकूंनी गाडीभोवती राखेची रेघ ओढली होती. आईने सरांच्या हातात चहा दिला, मान खाली घालून म्हणाली, "सर, तुमी देवमानूस. पन ही घेऊन जावा."

"आधी सुरू तर कर," सर मला म्हणाले.

मी सुरू केली. "ऊंऽऽऽ!" गर्दी एक पाऊल मागे गेली. सरांचा कप ओठांपाशी थांबला. "माझ्याकडे असताना ही कधी असं करत नव्हती," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला भुतापेक्षा जड गेलं. त्यांना वाटलं, मी तिचे हाल केले.

बॉनेट उघडं ठेवून मी आत वाकलो. काय शोधत होतो ते मलाच माहीत नव्हतं. कान इंजिनला लावला. आणि नेमका तेव्हा, माझ्या गालापासून वीतभर अंतरावर, डावा दिवा खटकन वर आला!

"आई गं!" मी किंचाळलो, हाताला लागेल ते धरलं आणि मागे उताणा पडलो. हातात इंजिनवरचा एक जाड रबरी पाइप उपटून आला होता.

हुंदका मध्येच तुटला. एकदम शांत. गाडी सुरू होती, मंद घुरघुरत होती, झोपलेल्या मांजरासारखी.

आणि पाइपच्या तोंडातून जिभेच्या टोकासारखं काहीतरी हिरवं बाहेर आलं होतं.

सरांनी ते चिमटीत धरलं आणि ओढलं. येतच गेलं, येतच गेलं. तेलाने माखलेली हातभर चिंधी. गर्दीत कुणाचा तरी मोबाईल खाली पडला.

"माझं लुगडं!" आई ओरडली. "माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी हाय ती!"

"करनी," शेवंताकाकू म्हणाल्या, आणि सगळ्या अंगणावर काटा उभा राहिला.

माझ्या अंगावर मात्र घाम आला होता, कारण मला आठवलं होतं. पहिल्यांदा सील बदलताना उघड्या पाइपात माती जाऊ नये म्हणून मीच ती कोंबली होती. आणि जोडताना काढायची विसरलो होतो! त्या पाइपातून इंजिन श्वास घेतं. त्याचं नाक बंद केल्यावर बिचारं नव्या सीलच्या कडेने शिट्टी वाजवत, बंद केल्यावरही आतली पोकळी भरेपर्यंत, हवा ओढत होतं, आणि वेग दिला की आतला दाब तिथूनच तेल बाहेर फेकत होता. हा धडा सरांनी शिकवला होता. मी पाठ केला होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. ते अगदी हळू म्हणाले, "या प्रश्नाला मी तुला किती गुण दिले होते रे?"

"पूर्ण, सर."

"हं," सर म्हणाले.

मला राहवलं नाही. मी मोठ्याने ओरडलो, "ऐका! करणी वगैरे काही नाही! ती चिंधी मीच कोंबली होती! मीच विसरलो!"

सगळ्यांनी शेवंताकाकूंकडे पाहिलं. मग शेवंताकाकू मायेने म्हणाल्या, "इंजिनेर हाय त्यो. इंजिनेर आसं कसं इसरंल? तिनंच त्येच्या हातानं करून घेतलं."

"काकू, खरंच मीच..."

"बगा, आता तेच वदवून बी घेतीय!"

तात्या पुढे आले. माझ्या शिक्षणासाठी ज्यांनी स्वतः पायात नीट चप्पल घातली नाही ते माझे तात्या, सरांपुढे ताठ उभे राहून म्हणाले, "सर, तुमीच सांगा. तुमी शिकवलेलं पोरगं एवढं येडं आसंल का?"

सरांनी तात्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ उसाच्या तुऱ्यांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "ती बाईच असणार."

बाई लुगडं मागत होती, सगळ्यांना ते कळलं, गप झाली, असा निकाल लागला. टेम्पो आला नाही. सर आणि मी सोनईपर्यंत चक्कर मारून आलो. थेंब नाही, हुंदका नाही. गाडी आमच्याच दारात राहिली.

तेव्हापासून आई दर अमावस्येला बॉनेटवर दहीभात ठेवायला सांगते, आणि तो मी स्वतः, न चुकता ठेवतो. लोक कौतुक करतात, पोरगं एवढं शिकलं पण श्रद्धा सुटली नाही. श्रद्धा कसली! घराण्यातल्या पहिल्या पदवीची अब्रू ज्या बाईने दोष स्वतःच्या अंगावर घेऊन वाचवली, तिच्यासाठी माणसाने भाताची एक मूदसुद्धा ठेवू नये?